तुमचा तास कितीला विकला जातो?

आयटीतल्या पगाराचा विषय निघाला की दोन सूर हमखास ऐकू येतात. एक नातेवाइकांचा: "तुमचं काय बाबा, लाखात पगार!" दुसरा हिंजवडीच्या कँटीनमधला: "कंपनी डॉलरमध्ये घेते आणि आपल्या हातावर चणे-फुटाणे ठेवते." दोन्ही बोलणी पूर्ण खोटी नाहीत, पण मधला हिशोब कोणीच मांडत नाही. कंपनीत शिरल्यावर जावा शिकवतात, ईमेल कसा लिहावा ते शिकवतात, क्लायंटसमोर कॅमेरा चालू ठेवा असंही बजावतात. आपण ज्या धंद्यात बसलोय तो पैसे कमावतो कसा, हे मात्र सांगायचं राहून जातं. तो हिशोब एकदा कळला की हाइक, म्हणजे पगारवाढ, का अडते, बेंचची, म्हणजे प्रोजेक्टविना बसण्याची, धास्ती का असते, चाळिशीतल्या मॅनेजरवर आधी कुऱ्हाड का पडते आणि एआयमुळे नेमकं काय हललंय, या सगळ्याचा उलगडा बऱ्यापैकी होतो.

हे सगळं मुख्यतः सर्व्हिस कंपन्यांबद्दल आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक आयटीवाल्यांची पहिली नोकरी तिथेच लागते.

बिलावरची एक ओळ

सर्व्हिस कंपनीचा मुख्य माल म्हणजे माणसांचे तास. अमेरिकेतल्या एखाद्या बँकेशी करार होतो तेव्हा त्याला एक रेट कार्ड जोडलेलं असतं. ज्युनियर डेव्हलपर, सीनियर, लीड, आर्किटेक्ट, प्रत्येकाचा तासाचा दर डॉलरमध्ये. पुण्यात बसून काम केलं तर एक दर, तिकडे जाऊन केलं तर त्याच्या कितीतरी पट. तुमचं नाव त्या कागदावर नसतं, तुमची पातळी असते.

शुक्रवारी संध्याकाळी टाइमशीट भरा म्हणून मागे लागणारे ईमेल आठवा. सोमवार ते शुक्रवार, आठ-आठ-आठ-आठ-आठ. आपल्याला ती कटकट वाटते, पण तेच आकडे पुढे जाऊन क्लायंटच्या बिलावरची एक ओळ होतात. टाइमशीट अडली की बिल अडतं, म्हणून एरवी कामाचं काय झालं हे न विचारणारा मॅनेजरसुद्धा त्यासाठी रात्री दहाला फोन करतो.

आता किती मिळतात ते बघू. टीसीएसचा २०२४-२५ चा महसूल साधारण २ लाख ५५ हजार कोटी रुपये होता आणि वर्षअखेरीस कर्मचारी ६ लाख ७ हजारांच्या आसपास. भागाकार केला तर माणशी वर्षाला ४२ लाख रुपये येतात. त्याच वर्षीचा निव्वळ नफा साडेअठ्ठेचाळीस हजार कोटी, म्हणजे माणशी ८ लाख. साडेतीन लाखांवर लागलेल्या फ्रेशरला हे ४२ लाख ऐकून झोप लागणार नाही. पण ही सरासरी आहे. तिच्यात लंडन-न्यू जर्सीत बसलेल्यांचे तिकडच्या दराने निघालेले तासही आले. त्यांचे डॉलर-पौंडातले पगार, सौदे आणणाऱ्यांचे कमिशन, इमारती, बस, व्हिसा, कर आणि ज्यांचं बिल निघत नाही अशांचे पगार हे सगळं त्या ४२ मधूनच जातं. नफा घसघशीत आहेच. तरी कँटीनमध्ये मांडतात तितकं ते सरळ गणित नाही.

ज्यांचं बिल निघत नाही ते बेंचवर. शंभरातले पंधरा रिकामे असतील तर पंच्याऐंशी जणांच्या बिलावर शंभरांचा पगार काढावा लागतो. या टक्केवारीला युटिलायझेशन म्हणतात आणि ती दोन-तीन टक्क्यांनी हलली तरी कंपनीचा तिमाही निकाल हलतो. जून २०२५ मध्ये टीसीएसने नियमच केला: वर्षात किमान २२५ दिवस बिलिंगवर असलं पाहिजे, बेंच ३५ दिवसांच्या वर नको. बाकीच्या कंपन्यांत नियम असा लिहिलेला नसेल, पण आरएमजीवाल्यांचे (कोणाला कुठल्या प्रोजेक्टवर बसवायचं ते बघणाऱ्या विभागाचे) फोन कधी सुरू होतात यावरून तो कळतोच. काही जण रोज राबत असतात आणि तरी बिलावर नसतात, त्यांना शॅडो म्हणतात. काम चोख, क्लायंट खूश, पण ॲप्रेझलच्या वेळी "तुम्ही बिलेबल नव्हता" हे ऐकावं लागतं. माझा साधा सल्ला असा की प्रोजेक्टला घेताना पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या: माझं बिलिंग कोणत्या तारखेपासून, कोणत्या पातळीवर? प्रश्न उद्धट वाटतो, पण मॅनेजर स्वतः रोज हाच प्रश्न सोडवत असतो.

तीन महिन्यांच्या नोटिस पीरियडचं मूळही यातच आहे. तुम्ही पेपर टाकलात, म्हणजे राजीनामा दिलात, की बिलावरच्या त्या ओळीवर दुसरं कोणीतरी बसवावं लागतं. त्याला केटी द्यायची, म्हणजे तुमचं काम समजावून द्यायचं, क्लायंटकडून मुलाखत घेऊन पास करून घ्यायचा, आणि तोवर बिल थांबता कामा नये. महिन्याभरात हे जमत नाही.

पिरॅमिडचं गणित

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही, आणि ती आकड्यांनीच कळते. समजा दहा जणांची टीम आहे. वर एक मॅनेजर, कंपनीला वर्षाला ३० लाखांना पडतो. खाली तीन सीनियर, प्रत्येकी १५ लाख. त्याखाली सहा ज्युनियर, प्रत्येकी ५ लाख. बेरीज १ कोटी ५ लाख, म्हणजे सरासरी माणशी साडेदहा लाख.

हीच टीम पाच वर्षं तशीच ठेवली आणि सगळ्यांना दरवर्षी १० टक्के हाइक दिली, तर बेरीज १ कोटी ६९ लाखांवर जाते. क्लायंटचा दर काही ६१ टक्क्यांनी वाढत नाही. उलट अनेक करारांत "अनुभव वाढतोय तर दरवर्षी दोन-चार टक्के कमी करा" अशी अटच असते. मग कंपनी काय करते? जुन्यांपैकी काहींना नव्या प्रोजेक्टवर वर चढवते, त्यांच्या जागी कॉलेजातून आलेले बसवते, आणि बेरीज पुन्हा जागेवर आणते. पायथा सतत ताज्या, स्वस्त माणसांनी भरत राहिला तरच वरच्यांचे पगार वाढू शकतात.

फ्रेशरचा पगार पंधराएक वर्षं तीन-साडेतीन लाखांच्या आसपास का रेंगाळला, त्याचंही उत्तर इथे मिळतं. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर १२ वर्षांत पैशाची किंमत निम्मी होते. म्हणजे आकडा तोच दिसत असला तरी आजचा फ्रेशर त्याच कामासाठी निम्म्या पगारावर लागतोय. कॉलेजांतून दरवर्षी लाखोंनी मुलं बाहेर पडतात, तेव्हा पायथ्याचा भाव वाढवायची कोणाला घाई नसते.

या रचनेची एक अट आहे: धंदा वाढत राहिला पाहिजे. वर चढवलेल्यांना ठेवायला नवे प्रोजेक्ट लागतात. वाढ मंदावली की बारा-पंधरा वर्षं अनुभवाची मंडळी मधल्या मजल्यावर अडकतात, पगार मोठा आणि बिलावर तेवढ्या वरच्या पातळीची जागा नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या घरात माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्यात मधले आणि वरचेच जास्त असतील हेही सांगितलं. एआयमुळे नव्हे, योग्य जागी बसवता येत नाही म्हणून, असं कंपनीच्या प्रमुखांचं म्हणणं होतं. वरचं गणित पाहिलं तर ते न पटण्यासारखं नाही. मात्र जागा का उरल्या नाहीत, हा पुढचा प्रश्न उरतोच.

स्वस्त डॉलर आणि एक अमेरिकन कलम

२०२१-२२ मध्ये एका उडीत पगार दुप्पट झालेले अनेक जण तुमच्या ओळखीत असतील. तीन ऑफर हातात ठेवून चौथीशी घासाघीस चालायची. जून २०२२ च्या तिमाहीत इन्फोसिसचा ॲट्रिशन दर, म्हणजे वर्षात नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण, २८ टक्क्यांवर गेला होता. आपण सगळे एकाच वेळी हुशार झालो होतो म्हणून हे घडलं नाही. मार्च २०२० पासून दोन वर्षं अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर जवळपास शून्यावर ठेवला होता. पैसा इतका स्वस्त, त्यात लॉकडाऊनमुळे प्रत्येक धंद्याला ऑनलाइन यायचंय, मग तिकडच्या कंपन्यांनी हात सैल सोडला. जुलै २०२३ पर्यंत तोच दर सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर गेला आणि हात आखडले. ऑफर लेटर मिळालेले फ्रेशर वर्ष-वर्ष रुजू होण्याची वाट बघत घरी बसले, ते याच उतारावर. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. व्याजदराचा चढ त्याच्या आधीच मार्चमध्ये सुरू झाला होता. दोन्ही एकाच सुमारास आल्यामुळे सगळं खापर एआयच्या माथी फुटतं.

दुसरी गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. अमेरिकन आयकर कायद्याचं कलम १७४. नवं सॉफ्टवेअर घडवायला केलेला खर्च पूर्वी तिथल्या कंपनीला त्याच वर्षी नफ्यातून वजा करता यायचा. २०१७ च्या कायद्यातला बदल २०२२ पासून लागू झाला आणि हा खर्च अमेरिकेत केला असेल तर ५ वर्षांत, परदेशात केला असेल तर १५ वर्षांत विभागून वजा करा, असं ठरलं. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतल्या खर्चाची सवलत पूर्ववत झाली. परदेशातल्या खर्चाची १५ वर्षं मात्र तशीच राहिली. म्हणजे शंभर रुपये ऑस्टिनमध्ये खर्च केले तर यंदाच शंभर वजा, पुण्यात खर्च केले तर पहिल्या वर्षी फक्त ३ रुपये ३३ पैसे. पुण्यातला माणूस स्वस्त आहे म्हणून काम इथे येतंच, पण त्या स्वस्ताईचा एक भाग करात जातो. चालू सिस्टीमची नुसती देखभाल यात धरत नाहीत, म्हणून चटका जास्त बसतो तो नवं प्रॉडक्ट घडवणाऱ्या टीमना. परदेशी कंपन्यांची इथली स्वतःची केंद्रं, ज्यांना जीसीसी म्हणतात, तिथे असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं. तिथे तास विकला जात नाही हे खरं, पण किती खुर्च्या ठेवायच्या हे ठरवणारी मंडळी सातासमुद्रापार असतात आणि त्यांच्यासमोर अशाच तक्त्यांचे कागद असतात.

व्हिसाचं तर सगळ्यांना माहीत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत नोकरीसाठी लागणाऱ्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलरची फी आली. ऑनसाइटला, म्हणजे क्लायंटच्या देशात, दोन-तीन वर्षं काढून पुण्यात फ्लॅटचं डाउनपेमेंट उभं करायचं, हा एका पिढीचा ठरलेला मार्ग त्यामुळे बराच अरुंद झाला.

एआय कुठे लागतं

करार दोन तऱ्हेचे असतात. एक तासावर, दुसरा ठरलेल्या रकमेवर. रिक्षाचा मीटर आणि आधीच ठरवून केलेली गाडी, असं समजा. मीटरवर चालणाऱ्या रिक्षावाल्याला जवळचा रस्ता सापडला तर तोटा त्याचाच. तासावर बिल करणाऱ्या कंपनीची एआयच्या बाबतीत तीच अडचण आहे: दहा तासांचं काम सहा तासांत झालं की चार तासांचं बिल गेलं. ठरलेल्या रकमेच्या कामात वाचलेले तास कंपनीच्या खिशात पडतात, पण नूतनीकरणाची वेळ येईपर्यंतच. तेव्हा क्लायंटचा माणूस म्हणतो, तुमचं काम सोपं झालंय, आता आमचा वाटा काढा.

आणि काम खरंच तेवढं सोपं झालंय का, हे बघायला तो थांबत नाही. माझ्या मते आत्ताचा खरा धोका हा आहे. एआय तुमच्यापेक्षा चांगला कोड लिहील की नाही, यावर चहाच्या टपरीवर वाद चालू राहतील. क्लायंटच्या खरेदी विभागाने मात्र कुठेतरी "तीस टक्के बचत" असं वाचलेलं असतं आणि तो तीस टक्के सूट आधी मागतो. कंपनी वीसवर तडजोड करते. मग ते वीस टक्के टीममधून काढावे लागतात, टूलने ते वाचवले असोत वा नसोत. उरलेल्यांच्या शनिवारांतून ते वाचतात.

आपल्या दहा जणांच्या टीमकडे परत जाऊ. क्लायंट म्हणाला, तीन ज्युनियर कमी करा. खर्च १ कोटी ५ वरून ९० लाखांवर आला, बिल मात्र दहाऐवजी सातच जणांचं. सरासरी माणशी साडेदहावरून १३ लाखांच्या जवळ गेली. टीम लहान झाली आणि महागही झाली. आता मॅनेजर आणि तीन सीनियर यांच्याकडे बघणं भाग पडतं. सुरुवात ज्युनियरपासून झाली तरी वरच्यांची गच्छंती होते ती अशी. शिवाय पायथ्याला आज भरती नसेल तर आठ वर्षांनी सीनियर कुठून आणणार, हा प्रश्न आज कोणाच्याच तिमाही लक्ष्यात बसत नाही.

कामांमध्ये आधी काय जातंय हे तर डोळ्यांनी दिसतंय: हाताने केलेलं टेस्टिंग, पासवर्ड रीसेट छापाचा एल-वन सपोर्ट, जुना कोड एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेणं, युनिट टेस्ट, डॉक्युमेंटेशन. फ्रेशर कामं शिकायचे ती हीच. सहज जात नाही ते असं: रात्री दोनला बँकेची सेटलमेंट फाइल अडकली तर ती पुन्हा चालवायची की नाही हे ठरवणं. पुन्हा चालवली आणि आधीचे अर्धे व्यवहार झालेले असले तर लोकांचे पैसे दोनदा कापले जातील. ही माहिती कुठल्याही डॉक्युमेंटमध्ये नसते, सहा वर्षं त्याच सिस्टीमवर असलेल्या बाईंच्या डोक्यात असते. म्हणून तरुणांना माझं सांगणं असतं की नवीन फ्रेमवर्कच्या सर्टिफिकेटांमागे जितके पळता, त्यातला थोडा वेळ ज्या धंद्याचं सॉफ्टवेअर लिहिताय तो धंदा समजून घ्यायला द्या. विम्याचा क्लेम कसा मंजूर होतो, परदेशी चलनाचा व्यवहार दोन दिवसांनी का पूर्ण होतो, वगैरे.

आता घरचा हिशोब

सीटीसी (कॉस्ट टू कंपनी) हा शब्द कंपनीच्या बाजूचा आहे, वरच्या टीमच्या हिशोबातल्या ५, १५, ३० लाखांचा. खुर्ची कितीला पडते तो आकडा. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा येतो, ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांची, तरतूद येते, कधी विम्याचा हप्ता येतो आणि व्हेरिएबल पे येतो, जो मिळेलच असं नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनुसार 'वेतन' हे एकूण मोबदल्याच्या किमान निम्मं धरावं लागतं. बेसिक मुद्दाम कमी दाखवून ग्रॅच्युइटी वाचवायची वाट त्यामुळे बंद होते. ग्रॅच्युइटीचा हिशोब सोपा आहे: शेवटचं मासिक वेतन गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. वेतन ४० हजार आणि नोकरी १० वर्षं असेल तर सुमारे २ लाख ३० हजार. ती मिळायला कायम नोकरीत पाच वर्षं पूर्ण व्हावी लागतात, तेव्हा चार वर्षं झाल्यावर उडी मारताना हा आकडा एकदा मांडून बघावा. आणि पीएफ काढू नका, नव्या खात्यात वळवा. २०२४-२५ साठी त्यावर ८.२५ टक्के व्याज होतं, आणि सलग पाच वर्षांच्या नोकरीआधी काढला तर करही लागतो.

घराच्या कर्जावर जरा थांबतो, कारण आयटीवाल्याचा गळा तिथे अडकतो. ६० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं. हप्ता सुमारे ५२ हजार. पहिल्या महिन्यात त्यातले ४२,५०० व्याजात जातात, मुद्दल फिटतं साडेनऊ हजार. वीस वर्षांत व्याजच ६५ लाखांच्या आसपास होतं. एजंट सांगतो, "सर, आज जड वाटेल, पण पगार वाढतच जाणार ना." वरचा पिरॅमिड पाहिलेल्या माणसाने हे वाक्य गृहीत धरू नये. तिशीत घेतलेलं कर्ज पन्नाशीपर्यंत चालतं आणि बिलावरची तुमची ओळ सगळ्यात डळमळीत असते ती नेमकी चाळिशीनंतर. दरवर्षी एक हप्ता जादा भरला तर हेच कर्ज जवळपास साडेतीन वर्षं आधी संपतं. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर व्यक्तीला लवकर फेडण्याचा दंड लागत नाही, तरी बोनस आला की आपल्याला आधी गाडी आठवते.

"टॅक्स वाचतो म्हणून कर्ज घे" हा सल्लाही आता जुना झाला. नव्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही, आणि २०२५-२६ पासून पगारदाराचं पावणेतेरा लाखांपर्यंतचं उत्पन्न त्या पद्धतीत करमुक्त आहे. घर राहायला हवंय म्हणून घ्या, जरूर घ्या. मात्र हप्ता एकाच्या पगारात बसेल असा ठेवा, दोघंही आयटीत असाल तर जास्तच. मंदी येते तेव्हा ती नवरा-बायकोला वेगवेगळ्या महिन्यांत गाठत नाही. वर्षभराचे हप्ते एफडीत किंवा लिक्विड फंडात बाजूला असले की एचआरच्या "क्विक कनेक्ट"च्या मीटिंगला जाताना पोटात गोळा जरा लहान येतो.

विम्याबद्दल. कंपनीची मेडिक्लेम पॉलिसी नोकरीसोबत संपते, आईवडिलांची त्यात असलेलीही. साठी ओलांडलेल्या, मधुमेह असलेल्या वडिलांसाठी त्या क्षणी नवी पॉलिसी शोधायला निघालात तर आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून नोकरी शाबूत असतानाच वेगळी पॉलिसी काढून ठेवा. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय. ते जमलं नसेल आणि पेपर टाकायची वेळ आलीच, तर शेवटच्या दिवसाआधी त्याच विमा कंपनीकडे गटाच्या पॉलिसीतून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज द्या. एचआर हे आपणहून सांगेलच असं नाही. एक्झिटच्या फॉर्ममध्ये लॅपटॉपच्या चार्जरसाठी रकाना असतो, याच्यासाठी नसतो.